घर क्रमांक शून्य

"रातच्याला या मॅडम, दिसा म्या कुठं गावतो," असं तो म्हणाला होता. म्हणून २०१८च्या फेब्रुवारीत एका रात्री साडेदहाला मी शीळफाट्याजवळच्या एका धर्मकाट्यावर गेले. धर्मकाटा म्हणजे ट्रकचं वजन करायचा मोठा काटा. आधी रिकामा ट्रक चढवायचा, मग भरलेला, आणि वजाबाकी करून पावती फाडायची. त्यात धर्म कुठून आला कुणास ठाऊक. बहुतेक माप खरं आहे हे ट्रकवाल्याला पटावं म्हणून. सोबत हे होते, स्कूटर घेऊन. हे रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर थांबले. सरकारी कामात नवरा मागे मागे दिसू नये असं त्यांचं मत, आणि रात्री फाट्यावर बायकोला एकटं सोडू नये हेही त्यांचंच मत.

मी तेव्हा फाट्यापासून दोनेक किलोमीटरवरच्या शाळेत शिकवत होते. शिक्षकाला शाळेबरोबर जनगणना, मतदार यादी वगैरे मिळतंच, नवऱ्याबरोबर सासर मिळतं तसं. मी बीएलओ होते, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. नाव भारदस्त, काम घरोघर फिरण्याचं. नवीन नावाला सहा नंबरचा फॉर्म, नाव कमी करायला सात, दुरुस्तीला आठ. सहा नंबरला राहत्या पत्त्याचा पुरावा जोडायचा असतो. ज्याला घरच नाही त्याच्यासाठी निवडणूक आयोगाचा एक वेगळा नियम आहे, आणि सरकारी कागदात इतकं माणुसकीचं काही मी दुसरं वाचलेलं नाही. बेघराकडे पुरावा मागायचा नाही. त्यानं सांगितलेल्या जागी बीएलओनं रात्री जायचं, एकापेक्षा जास्त वेळा जायचं, आणि तो तिथे खरंच झोपतो का हे स्वतः पाहायचं.

काट्याच्या केबिनला लागून दीड हात रुंदीचा ओटा होता. त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर निळी ताडपत्री, उशाला तांदळाच्या गोणीत गुंडाळलेले कपडे आणि त्याखाली चपला. चपला उशाखाली का, तर सकाळी पायात असाव्यात म्हणून. तो मुखेडकडचा, नांदेड जिल्ह्यातला, वय पस्तीस. दिवसभर गोदामांत हमाली. आज महापे रोडला, उद्या तळोज्याकडे, जिथला टेम्पो उचलेल तिथे. मी गेले तर हा जागा. मला पाहून घाईघाईनं उठून बसला. मी म्हटलं, अहो, नियम असा आहे की तुम्ही इथे झोपता हे मला पाहायचंय. त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मग झोपून दाखवू का मॅडम?" आणि खरोखरच आडवा झाला, डोळे मिटून, हात छातीवर घेऊन. अंगावर पांघरूणसुद्धा ओढलं. वजनाला आलेला ट्रकवाला खिडकीतून आमच्याकडे बघत होता.

अजून दोनदा गेले. तिसऱ्या वेळी तो खराच झोपलेला होता, तोंड उघडं, एक पाय ओट्याखाली लोंबकळत. मी उठवलं नाही. घरी येऊन अहवाल लिहिला. घर क्रमांकाच्या रकान्यात काय लिहायचं? ज्या घराला नंबर नाही त्याला आम्ही शून्य घालतो. त्याला घरच नव्हतं, तरी शून्यच घातलं.

मी पंचवीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. हा विषय कुणीही मन लावून शिकवत नाही. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला तो बांधलेला असतो. शिवाजी महाराज संपले, परीक्षा पंधरा दिवसांवर आली, की उरलेल्या तासांत ग्रामपंचायत, पंचायत समिती, महापालिका असं एका दमात उरकायचं. एकदा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, नागरिक म्हणजे नगरात राहतो तो ना? मग गावातले नागरिक नसतात का?" मी काहीतरी ठोकून दिलं. प्रश्न मात्र घरी घेऊन आले.

शब्दाचं मूळ तेच सांगतं. आपल्याकडचा जुना 'नागरक' वात्स्यायनाच्या कामसूत्रात भेटतो. तिथे त्याची अख्खी दिनचर्या दिली आहे: स्नान, उटणं, पोपट-मैनांना बोलायला शिकवणं, कोंबड्यांच्या झुंजी, दुपारची झोप, संध्याकाळी मित्रमंडळींत गप्पा. करतो काय, तर नीट राहतो. त्याचे कोंबडे पाळणारा, उटणं वाटणारा, दुपारी तो झोपल्यावर वारा घालणारा त्याच नगरात राहत असणार. त्यांना नागरक कुणी म्हणत नाही. तिकडे ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलनं हा प्रश्न सरळ अंगावर घेतला. नुसतं त्या जागी राहिल्यानं कुणी नागरिक होत नाही, कारण परके आणि गुलामही तिथेच राहतात. न्यायनिवाड्यात आणि कारभारात ज्याचा वाटा, तो नागरिक. इथवर मला त्याचं पटतं. पुढे मात्र तो म्हणतो की उत्तम नगरात हातानं काम करणाऱ्याला नागरिक करणार नाहीत. म्हणजे हमालाचा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच निकालात निघाला.

आपला कायदा या दोघांहून निराळा निघाला. १९५०चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा मतदाराला विचारतो, तू 'सर्वसाधारणपणे' कुठे राहतोस? आणि पुढे स्पष्ट करतो की एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे एवढ्यावरून तू तिथला रहिवासी ठरत नाहीस. यावरून माझं एका सद्गृहस्थांशी फोनवर जोरदार भांडण झालं होतं. माझ्या यादीभागातल्या एका संकुलात त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट, कुलूप लावलेला. राहायला सहा वर्षं पुण्यात. "टॅक्स मी भरतो, मेंटेनन्स मी भरतो, नाव कसं काढता?" मी म्हटलं, साहेब, तुम्ही झोपता कुठे? त्यांना तो प्रश्न असभ्य वाटला. मला स्वतःला त्यात मजा वाटली, खोटं कशाला बोलू. कुलूपबंद फ्लॅटवाल्याचं नाव जातं आणि ओट्यावरच्याचं येतं, हे वाचून वात्स्यायनाचा नागरक पोपटासकट गार पडला असता.

पण गंमत इथेच संपते, कारण कुठे झोपतोस एवढ्यावर सगळं भागत नाही. त्याचं नाव यादीत आलं. २०१९च्या एप्रिलमध्ये त्यानं लोकसभेला मत दिलं, ऑक्टोबरला विधानसभेला. आणि महापालिकेला? ठाण्यात फेब्रुवारी २०१७ला निवडणूक झाली होती, तेव्हा तो यादीत नव्हता. मार्च २०२२ला मुदत संपली आणि प्रशासक आला. पुढची निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ला. दिल्लीसाठी त्यानं बोट दाबलं, मुंबईसाठी दाबलं. ज्या नगरावरून नागरिक हा शब्द आला त्या नगरासाठी मात्र, तो फाट्यावर होता तोवर, त्याला एकदाही दाबता आलं नाही. तिथल्या नळावर तो अंघोळ करत होता, तिथल्या गटाराशेजारी झोपत होता.

आता फाटा म्हणजे काय तेही सांगायला हवं, कारण फाटा हे गाव नव्हे. शीळ हे गाव आहे, डायघर गाव आहे, पडले, खिडकाळी, देसाई ही गावं आहेत. खिडकाळीला तळ्याकाठी महादेवाचं जुनं देऊळ आहे, महाशिवरात्रीला जत्रा भरते. गावाला देव असतो, शीव असते. फाट्याला यातलं काही नसतं. तिथे नुसते रस्ते फुटतात. मुंब्र्याकडून जुना मुंबई–पुणे रस्ता येतो, त्याला महाप्याकडचा मिळतो, थोडं पुढे कल्याणफाट्याला कल्याणचा फुटतो, सरळ गेलं की तळोजा, पनवेल. एकाच थांब्यावर टीएमटी, एनएमएमटी आणि केडीएमटी अशा तीन महापालिकांच्या बस थांबतात. आणि त्या तिन्हींच्या हद्दी आसपास अशा काही फिरत राहिल्या आहेत की माणूस जागचा हलला नाही तरी त्याचं शहर हलतं. कल्याण-डोंबिवलीत १९८३ला गेलेली सत्तावीस गावं २००२ला बाहेर पडली, २०१५ला परत आत आली, २०२०ला त्यातली अठरा पुन्हा बाहेर काढली आणि मग उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. दहिसर मोरीच्या बाजूची चौदा गावं आधी नवी मुंबईत, मग आंदोलन करून बाहेर, मग पुन्हा आत जायची मागणी. तिथली एक आगरी आजी मला म्हणाली होती, "माझं लगीन झालं तवापासून मी याच उंबऱ्यात हाय. सरकारच सासर-माहेर करतं." बुलेट ट्रेनचा बीकेसीहून निघणारा एकवीस किलोमीटरचा बोगदाही, त्यातले सात खाडीखालून, शीळफाट्यालाच जमिनीवर येणार आहे. गाडी मात्र इथे थांबणार नाही. फाट्याचा स्वभावच तो.

आणि तरीही लोक इथेच येऊन राहतात. ४ एप्रिल २०१३, गुरुवार, संध्याकाळची वेळ. लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. वनखात्याच्या जमिनीवर, परवानगीशिवाय, काही महिन्यांत उभी राहिलेली; सात मजले झालेले, आठव्याचं काम चालू. खालच्या मजल्यांवर माणसं राहत होती, वर मजूर काम करत होते. ७४ जण गेले. बिल्डर पकडले गेले, महापालिकेचे अधिकारीही पकडले गेले. माझा यादीभाग रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला होता, तिथलं काही माझ्या कागदावर नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले होते, दोरीच्या अलीकडे उभी राहिले. जेसीबी, गॅसकटर, अँब्युलन्स, माणसांचा गोंगाट. आणि मध्येच एक जवान हात वर करायचा. मशिनं बंद. सगळे गप्प. दोघंतिघं स्लॅबच्या फटीशी गुडघ्यावर बसून कान लावायचे. अख्खा शीळफाटा मिनिटभर श्वास रोखून धरायचा. मग हात खाली, पुन्हा मशिनं चालू.

मी माहेरची मंगळवेढ्याच्या बाजूची, ज्वारीच्या मुलखातली. वडील वारकरी. त्या संध्याकाळी दोरीशी उभी असताना मला चोखोबांची गोष्ट आठवली, आणि आठवली म्हणजे पहिल्यांदा कळली.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मंगळवेढ्याला गावकूस बांधायचं काम निघालं. वेठीला महार बोलावले, त्यांत चोखोबा. कूस म्हणजे गावाची भिंत. आत गाव, बाहेर महारवाडा. ज्यांनी आयुष्यभर बाहेर राहायचं त्यांनीच ती बांधायची. भिंत कोसळली, सगळे ढिगाऱ्याखाली गेले. १३३८ साल सांगतात. पुढे नामदेव पंढरपुराहून आले. तोवर नुसती हाडं उरलेली, कुणाची कुठली काही कळेना. नामदेवांनी एकेक हाड कानाशी धरलं. ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून गोळा केली आणि पंढरपुरात महाद्वाराशी समाधी बांधली. दाराशी, पण बाहेर. ते दार दलितांना उघडायला १९४७ उजाडलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

वडील ही गोष्ट सांगायचे तेव्हा भर सगळा नामस्मरणावर असायचा: बघ, हाडांत नाम मुरलं होतं. मी मान डोलवायचे. शीळला मात्र माझं लक्ष दुसरीकडे गेलं. नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगारा उपसला, कान लावला. तिथे बाकी कुणीही कुणाला शोधत नव्हतं. मेलेल्या वेठबिगाऱ्याचा हिशोब गावाला द्यायचा नव्हता. नामदेवांनी पुरावा मागितला नाही, गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. ऐकलं. आणि चोखोबांच्या शेजारी पडलेली बाकीची हाडं? त्यांचं काय झालं हे मी वडिलांना कधी विचारलं नव्हतं. त्यांनी उत्तर दिलं नसतं असं नाही. मला सुचलंच नाही. भक्ती तिच्या माणसाला शोधून काढते. नगर म्हणून काही असेल, तर त्यानं उरलेल्यांसाठीही मशिनं बंद करायला हवीत. त्या दोन दिवसांत जवान कान लावत होते तो स्लॅबखालच्या कुणासाठीही, भाडेकरू असो, गवंडी असो, त्याचं रेशनकार्ड कुठल्या का जिल्ह्यातलं असेना. एवढा वेळ शीळफाटा नगर होता असं मला वाटतं. ती माणसं जिवंत असताना त्या इमारतीकडे बघायला जी नजर हवी होती, ती मात्र कुठेच नव्हती.

हे म्हणताना मला एक अडचण दिसते. माणसं शहरात येतात ती पुष्कळदा कुणी विचारू नये म्हणूनच येतात. गाव सारखं विचारत असतं: कुणाचा रे तू? त्या प्रश्नात जात विचारलेली असते, आळी विचारलेली असते. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवाची जी हजेरी घेतली ती यासाठीच. घटनेत गाव हा पाया न धरता एकेक माणूस धरला आहे याचं त्यांना समाधान होतं. माझा मुखेडचा हमालही एकदा म्हणाला, "हितं बरंय मॅडम, कुनी इचारीत न्हाई." आणि मी रजिस्टर घेऊन त्याला विचारायलाच गेले होते.

विचारण्याची भीती मी स्वतः पाहिली २०१९–२०च्या हिवाळ्यात. नागरिकत्वाच्या कायद्यातली दुरुस्ती नुकतीच झाली होती. तेरा वर्षांची ओळख असलेल्या दारात मी उभी राहिले आणि दार अर्धंच उघडलं. जिथे मला नेहमी शरबत मिळायचं तिथे म्हातारीनं विचारलं, "मॅडम, ये कौनसा कागज है?" माझ्या हातात नेहमीचाच छापील भाग होता. मी तो उलटून दाखवला, शिक्का दाखवला. तिनं हात लावला नाही. तीच मी, तोच रकाना, तोच प्रश्न. पण तोवर माझ्या प्रश्नात तिला 'कुणाची गं तू' ऐकू यायला लागलं होतं. मी तिला 'आहात ना?' एवढंच विचारायला आले होते, हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. अजून नाहीत.

२०२२च्या पुनरीक्षणाला मी धर्मकाट्यावर गेले तर धर्मकाटा नव्हता. रस्ता रुंद झाला होता, केबिन गेली, ओटा गेला, तिथे काँक्रीटचे दुभाजक रचून ठेवले होते. रात्री गेले. दोन दिवसांनी पुन्हा गेले. ह्यांनी या खेपेला टपरीवर न थांबता माझ्याबरोबर टॉर्च धरला. पानवाला म्हणाला, तळोजा की तरफ गया होगा, नाहीतर गावी. फोन लागत नव्हता. नियमानं सात नंबरचा फॉर्म भरायचा: भाग क्रमांक, अनुक्रमांक, कारण 'स्थलांतरित', सही. मी तो भरला. सहीसुद्धा केली. मग तो वहीत ठेवला आणि वही पिशवीत.

त्याच १९५०च्या कायद्यात असंही म्हटलं आहे की माणूस तात्पुरता बाहेर गेला एवढ्यानं त्याचा रहिवास संपत नाही. मी त्या कलमाचा आधार घेतला. खरं तर तो तात्पुरता गेला आहे असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. आणि पुण्याच्या सद्गृहस्थांना मी हे कलम ऐकवलं नव्हतं, हेही खरं. जागेवर नसलेल्या माणसाचं नाव यादीत राहू देणं ही चूक आहे, अशा नावांवर दुसराच कुणी मत टाकून जातो हे मी प्रशिक्षणात इतरांना शिकवलं आहे. पुढच्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा पिशवीतली सगळी रजिस्टरं दिली. तो एक कागद राहिला.

२०२६च्या जानेवारीत मतदान झालं तेव्हा मी माझं मत डोंबिवलीत देऊन आले. संध्याकाळी मोबाइलवर शीळच्या त्या भागाची यादी उघडली. माझ्यानंतर जी कुणी बाई तिथे फिरते आहे तिनंही त्याला काढलेलं नाही. तिला तो सापडला की सापडला नाही ते कळायला मार्ग नाही. अनुक्रमांक बदलला आहे, वडिलांच्या नावातली वेलांटी अजून चुकलेलीच आहे. घर क्रमांक ०. वय ४३.